७.१.६ आणि तात्यांची मूठ

आयएसओ ९००१ या दर्जा-व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ सालच्या आवृत्तीत ७.१.६ असं एक कलम आहे. त्याचा अर्थ थोडक्यात असा, की काम नीट चालायला जे ज्ञान लागतं ते कुठलं हे कंपनीने ओळखावं, ते सांभाळावं आणि ज्याला लागेल त्याच्यापर्यंत पोचेल असं बघावं. कलम छोटंसं आहे. ऑडिटर तिथवर येतो तेव्हा बहुतेक वेळा जेवण झालेलं असतं, आणि कोल्हापुरात पाहुण्याला काय जेवायला घालतात ते सांगायला नको. तो जडावलेल्या डोळ्यांनी विचारतो, "ऑर्गनायझेशनल नॉलेज कसं मेंटेन करता?" मी स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कुठलं काम येतं त्याचा तक्ता, दाखवते, ट्रेनिंगचं रजिस्टर दाखवते, त्यातल्या सह्या दाखवते. तो मान हलवतो आणि पुढच्या कलमाकडे वळतो.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी बघते. ग्रे आयर्न आणि थोडं एसजी आयर्न, दोन्ही ओतीव लोखंडाचे प्रकार. ट्रॅक्टरचे, पंपाचे भाग. आमची फाउंड्री चालायला जे ज्ञान लागतं ते त्या रजिस्टरात नाही. ते सँड प्लांटवर उभं आहे आणि येत्या मे महिन्यात रिटायर होतंय. त्यांना सगळे तात्याच म्हणतात.

फाउंड्रीशी संबंध नसलेल्यांसाठी एवढंच सांगते. आम्ही ज्या साच्यात लोखंड ओततो तो वाळूचा असतो. सिलिका वाळू, तिला धरून ठेवायला बेंटोनाइट नावाची माती, थोडी कोळशाची पूड आणि पाणी. साचा एकदाच वापरायचा. कास्टिंग थंड झालं की तो फोडायचा आणि तीच वाळू चाळून, गार करून, परत मिक्सरमध्ये घालायची. वाळू फिरत राहते, दिवसातून अनेकदा. ती जिथे तयार होते तो सँड प्लांट. पाणी तीन-साडेतीन टक्के. त्यात अर्धा टक्का इकडचा तिकडे झाला की खेळ बिघडतो. जास्त झालं तर वाफ कोंडून कास्टिंगमध्ये पोकळ्या पडतात, त्यांना आम्ही ब्लोहोल म्हणतो. कमी झालं तर साच्याच्या कडा ढासळतात आणि वाळूचे कण लोखंडात जाऊन बसतात. दोन्हींचा शेवट भंगारात. शिवाय हे बऱ्याचदा इथे कळतच नाही. गिऱ्हाइकाकडे मशिनिंग करताना टूल आत शिरतं आणि भोक उघडं पडतं, मग तिकडून फोटो येतो, रात्री साडेअकराला, लाल गोल काढून.

आमच्याकडे सँड लॅब आहे. मॉइश्चर, कॉम्पॅक्टॅबिलिटी, स्ट्रेंग्थ, परमिअॅबिलिटी, म्हणजे वाळूत ओल किती, ती दबते किती, टिकते किती आणि हवा जाऊ देते किती, सगळं मोजतो. तात्या लॅबचा कागद बघतात, घडी करून खिशात घालतात आणि मूठभर वाळू उचलतात. मुठीत दाबतात. मूठ उघडून बोटांचे ठसे बघतात, ते स्वच्छ उठायला हवेत. मग तो गोळा मधोमध मोडतात, मोडलेल्या कडा भुरभुरल्या नाही पाहिजेत. मग तळहात बघतात, वाळू चिकटली का. हे सगळं दोन सेकंदांत. आणि मिक्सरवाल्याला हाताने खूण, थोडं पाणी काढ.

ही मूठ काही तात्यांचं गुपित नाही. जगातल्या कुठल्याही फाउंड्रीत जुना माणूस हेच करतो. गंमत पुढे आहे.

तात्यांच्या रिटायरमेंटची तारीख जवळ आली तसा एचआरने एक प्रकल्प काढला. पुण्याहून एक सल्लागार आले, ट्रेनिंग हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला, ज्ञानाचा पिरॅमिड दाखवला. त्या दिवशीचे वडे चांगले होते. प्रकल्पाचं फलित म्हणजे तात्यांची मुलाखत घेऊन तयार केलेली एक भलीमोठी एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याची लेखी पद्धत, फोटोंसहित. मुलाखतीत विचारलं होतं, "वाळू बरोबर आहे हे तुम्ही कसं ओळखता?" तात्यांचं उत्तर होतं, "सवयीनं कळतंय की." ते लिहिणाऱ्याने "अनुभवाच्या आधारे तपासणी करावी" असं लिहून टाकलं. एसओपीतलं हे वाक्य मला फार आवडतं. नव्या माणसाने ते वाचावं आणि अनुभव आणायला बाजारात जावं.

तात्या काही लपवत नव्हते. प्रश्नच असा होता की त्याला दुसरं उत्तर नव्हतं. मी तेव्हापासून बघायला लागले की तात्या कधी बोलतात. खुर्चीत बसवलं की ते बोलत नाहीत. रिजेक्ट झालेलं कास्टिंग त्यांच्यापुढे ठेवलं आणि "हे कशानं झालं असेल?" असं विचारलं, की थांबत नाहीत.

एकदा सकाळी पंप केसिंगचे बरेच नग ब्लोहोलमध्ये गेले होते. लॅबचे आकडे रात्रभर सरळ रेषेत. मी कास्टिंग घेऊन सँड प्लांटवर गेले. तात्यांनी ते नीट पाहिलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न केला, "काल रात्री कंचा जॉब लावलाता?"

मला कळेना, वाळूचा आणि कालच्या जॉबचा काय संबंध. मग त्यांनी सांगितलं ते असं. जड कास्टिंगचा जॉब असला की साच्यात लोखंड जास्त, वाळू कमी. ती वाळू जास्त तापते आणि नॉकआउटवरून, म्हणजे साचा फोडतात तिथून, परत येते तेव्हा पुरती गार झालेली नसते. गरम वाळूत मिक्सरमध्ये पाणी घातलं तर मीटरवर ते बरोबर दिसतं, पण पट्ट्यावरून मोल्डिंग मशीनच्या हॉपरपर्यंत जाताना त्यातलं उडून जातं. मशीनवरचा माणूस ओरडतो, वाळू कोरडी येतेय. मग रात्रीचा पोरगा पाणी वाढवतो. तोवर गरम वाळूचा लोंढा संपून मागची गार वाळू आलेली असते, आणि तिला आता पाणी जास्त झालेलं असतं. लॅबचा नमुना तासातून एकदा, तो नेमका दोन्हींच्या मध्ये पडतो. आकडे सरळ, माल भंगार.

"आणि तुमचा माणूस नमुना मिक्सरखाली घेतोय," तात्या म्हणाले. "हितनं न्हाई बघायचं, तितनं बघायचं." बोट मोल्डिंग मशीनच्या वरच्या हॉपरकडे.

बोलता बोलता आणखी एक निघालं. ज्या जॉबला कोअर जास्त असतात, म्हणजे कास्टिंगच्या आतल्या पोकळीसाठी वेगळे बनवलेले वाळूचे गाभे, त्या जॉबनंतर कोअरची फुटलेली वाळू आमच्या वाळूत मिसळते. तिच्यात बेंटोनाइट नसतं. म्हणजे माती पातळ होते, आणि ती वाढवायला लागते. तात्या हे रोज करत होते. कशावरून? जेवणाच्या सुट्टीत मोल्डिंगवाल्यांना विचारून. सँड प्लांटला प्रॉडक्शन प्लॅनचा कागद कधी दिलाच जात नव्हता. का दिला जात नव्हता? कोणी मागितला नव्हता म्हणून.

ज्ञान जपण्यासाठी कंपनीने जो खर्च केला, त्यापेक्षा जास्त काम त्या एका कागदाने झालं. आता प्लॅनची एक प्रत रोज संध्याकाळी सँड प्लांटवर जाते, त्यावर जड जॉब आणि कोअरचे जॉब पेनने खुणावलेले. नमुना हॉपरवरून घेतो, आणि सोबत वाळूचं तापमान लिहितो. तात्यांच्या मुठीत जे होतं त्यातलं बरंच काही असं नियोजनाच्या कागदावर उतरवता येण्यासारखं होतं. मूठ ही शेवटची पायरी. त्याच्या आधीचा प्रश्न, "काल काय चाललं होतं?", हा खरा. मला वाटतं जुन्या माणसांची उत्तरं लिहून घेण्याची धडपड सोडावी आणि ते कुठले प्रश्न विचारतात, कुणाला विचारतात आणि कधी, एवढं लिहून ठेवावं. बाकीचं आपोआप मागे येतं.

अमेरिकेत झेरॉक्स कंपनीत १९८० च्या दशकात असाच एक अभ्यास झाला होता. ज्युलियन ऑर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरला. कंपनीने प्रत्येक बिघाडासाठी मॅन्युअल दिलं होतं, पण खरी दुरुस्ती शिकली जात होती ती चहा-नाश्त्याच्या वेळच्या गप्पांत. अमुक मशीनने मला कसा दगा दिला, मग मी काय केलं. व्यवस्थापनाच्या डोळ्यांना तो टाइमपास होता. पुढे झेरॉक्सने तंत्रज्ञांच्याच युक्त्यांची एक यादी उभी केली. आलेली युक्ती दुसरे तंत्रज्ञ तपासायचे आणि मगच ती सगळ्यांना दिसायची, सुचवणाऱ्याच्या नावासकट. मला यातलं नाव महत्त्वाचं वाटतं. आमच्या एसओपीवर तयार करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा अशी तीन नावं आहेत. तात्यांचं त्यात नाही.

आता दुसरी बाजू. सगळेच तात्या नसतात. भट्टीवरचे एक मिस्त्री आहेत, त्यांच्या जवळ कुणी उभं राहिलं की ते काम थांबवून तंबाखू मळायला लागतात. कोल्हापुरात यावर एक ठरलेलं वाक्य आहे, वस्ताद एक डाव राखूनच ठेवतो. हे वाक्य लोक कौतुकाने म्हणतात, जणू राखून ठेवणं हा वस्तादाचा मान आहे. मला त्यात भीती दिसते. मिस्त्रींनी त्यांच्या उमेदीत एक गोष्ट पाहिली आहे. त्यांनी ज्याला हाताला धरून शिकवलं, त्याला आधी चार्जहँड, म्हणजे मिस्त्रीच्या वरचा, केलं, कारण त्याच्याकडे डिप्लोमा होता. मिस्त्री अजून मिस्त्रीच. त्यांनी डाव राखून ठेवला तर मी त्यांना कुठल्या तोंडाने टीमवर्कचं पोस्टर दाखवू? ज्ञान वाटणाऱ्याचं काय होतं हे शॉपफ्लोअरवरचा प्रत्येक माणूस बारीक नजरेने बघत असतो. पोस्टर कुणी बघत नाही.

मालकांची भीती वेगळी. "शिकवलं की पळतात, मॅडम." तेही खोटं नाही. कळंब्याच्या आयटीआयची पोरं आमच्याकडे येतात, थोडी हाताखाली तयार झाली की चाकणला जातात. तीन-चार हजार जास्त मिळतात, आणि पुणं ते पुणं.

एकदा जेवताना मी मालकांना बाबूराव पेंटरांचं उदाहरण दिलं. पेंटरांनी कोल्हापुरात बसून सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तिथे कामाच्या भिंती नव्हत्या. पडदा रंगवणारा कॅमेऱ्याला हात लावायचा, सेट उभा करणारा भूमिका करायचा. दामले, फत्तेलाल, शांताराम अशी माणसं तिथे तयार झाली, आणि १९२९ साली बाहेर पडून त्यांनी याच गावात प्रभात काढली. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, बघा, एका कारखान्याने किती माणसं दिली.

मालक म्हणाले, "आणि पेंटरांच्या कंपनीचं काय झालं?"

ती त्यानंतर थोड्याच वर्षांत बंद पडली. मालकांना हे ठाऊक होतं, त्यांचं गाव आहे. मी भाकरीचा तुकडा मोडला.

पण हा वाद मी सोडलेला नाही. मालकांचे वडील उद्यमनगरात दुसऱ्याच्या लेथवर शिकले आणि मग स्वतःचं शेड टाकलं. उद्यमनगरात हिंडलं तर दर दुसऱ्या शटरमागे हीच गोष्ट ऐकायला मिळते. ऑइल इंजिनच्या दिवसांपासून या गावातला इंजिनिअरिंगचा धंदा वाढला तो मिस्त्रींनी एकमेकांचं बघून, एकमेकांकडून फुटून. इथे सगळेच कुणाच्या तरी हाताखालून पळालेले आहेत. शिकवलेला माणूस जाईल ही जोखीम आहे, मान्य. न शिकवलेला माणूस राहील, ही जोखीम मात्र कुठल्याच मीटिंगमध्ये निघत नाही.

जुलै २०२१ चा पूर हा आमच्यासाठी त्या दुसऱ्या जोखमीचा हिशोब होता. कोल्हापूरकर पावसाळ्यात देवाच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ४३ फूट ही धोक्याची पातळी, ती ओलांडली, पाणी चढत गेलं आणि शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. शहर नदीच्या एका बाजूला, आमची एमआयडीसी दुसऱ्या बाजूला. शिरोली, नागाव, टोप, हेर्ले इथली माणसं कामावर येऊ शकत होती. शहरातून कुणी नाही. तात्या कसबा बावड्याचे. मीही पलीकडेच.

पाणी ओसरलं की गिऱ्हाइकं माल मागणार हे दिसत होतं. लाइट आली तशी एक शिफ्ट चालवायची ठरली. सँड प्लांटला कोण? यादी काढली तर स्किल मॅट्रिक्सप्रमाणे नदीच्या त्या बाजूला सँड प्लांट येणारा एकही माणूस नव्हता. तात्या फोनवर म्हणाले, "बेल्टवर झाडलोट करतोय त्या पोराला लावा."

तो पोरगा बिहारचा, ठेकेदाराकडचा. पट्ट्याखाली सांडलेली वाळू गोळा करून परत टाकणं एवढंच त्याचं काम. मोल्डिंग सुपरवायझर हसला. पण दुसरा कोण होता? तात्यांनी व्हिडिओ कॉल लावला. सुपरवायझरने फोन धरला, पोराने मूठ दाबून दाखवली. तात्या त्यांच्या खास हिंदीत म्हणाले, "टूटा तो बता। किनारा दाव।" पोराने गोळा मोडला. मग तात्या म्हणाले फोन मिक्सरजवळ नेऊन धर, आणि डोळे मिटून आवाज ऐकत राहिले (हे मला त्यांच्या सुनेने नंतर सांगितलं). वाळूत माती नीट मुरत गेली की मिक्सरवर लोड येतो आणि मोटरचा आवाज जड होतो. अँपिअर मीटरवरही ते दिसतं, पण तात्यांचा भरवसा कानावर. थोड्या वेळाने त्यांनी सूचना द्यायचं थांबवलं. कारण पोरगा त्यांच्या आधीच पाण्याच्या व्हॉल्व्हला हात घालत होता.

त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो फक्त रोज तिथे होता, तात्यांच्या पाच हातांवर, झाडू घेऊन. आमच्या ट्रेनिंगच्या रजिस्टरात त्याचा एक तासही नाही, कारण ठेकेदाराकडची माणसं त्या रजिस्टरात धरतच नाहीत. स्किल मॅट्रिक्समध्ये नाव असायला आधी कंपनीच्या रोलवर असावं लागतं. म्हणजे आमच्या सँड प्लांटचा दुसरा जाणता माणूस आमच्या कागदांना दिसतच नव्हता. असे आणखी किती असतील, मला सांगता येत नाही.

पुरानंतर काही गोष्टी बदलल्या, हळूहळू. रोज सकाळी रिजेक्शनच्या टेबलापाशी उभं राहून पंधरा मिनिटं. बसायचं नाही, खुर्च्या मुद्दाम ठेवलेल्या नाहीत. आदल्या दिवशीचे खराब नग मांडलेले असतात, कोअर शॉप, सँड, भट्टी, फेटलिंग (कास्टिंग साफ करणारा विभाग), प्रत्येकाचा एक माणूस. रोलवरचा की ठेक्यावरचा हे बघत नाही. नियम एकच, "कुणी केलं" हा प्रश्न टेबलावर विचारायचा नाही. तो सुपरवायझर नंतर केबिनमध्ये विचारतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण निदान टेबलावर तोंडं उघडी राहतात. पावसाळ्यात कोअर ओल धरतात हे कोअर शॉपला माहीत होतं, भट्टीवाल्यांना नव्हतं. दोघेही वर्षानुवर्षं तेच ब्लोहोल बघून आपापल्या परीने वेगळ्याला शिव्या देत होते. ते त्या टेबलावर जुळलं. पूर्वी दोन शिफ्टच्या मध्ये एक मिनिटही नसायचं, एक माणूस गेट पंच करून बाहेर आणि दुसरा आत. आता सँड प्लांट आणि भट्टीवर थोडा वेळ दोघं एकत्र असतात, आणि तो वेळ पगारी आहे. हे मंजूर करून घ्यायला मला सगळ्यात जास्त भांडावं लागलं. प्रोजेक्टरचे पैसे एका सहीत मिळाले होते.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लिहिलेलं कुणी वाचत नाही, पण व्हॉइस मेसेज ऐकतात. तात्या आता मिक्सरपाशी उभं राहून बोलतात, मागे मोटरचा आवाज. "आज पाऊस हाय, वाळू चाळणीखाली ओली वाटतीया, पाणी बघून घाला." भट्टीवरच्या मिस्त्रींनी अजून एकही मेसेज टाकलेला नाही. गेल्या दिवाळीत त्यांना चार्जहँड केलं. त्यानंतर तंबाखू मळायला ते पूर्वीपेक्षा कमी वेळ लावतात, एवढं मी पाहिलं आहे. वेज टेस्टचा, म्हणजे लोखंड तपासायला ओतलेला पाचरीसारखा, तुकडा मोडून त्यातला पांढरा भाग किती खोल गेला आहे हे एका पोराला दाखवतानाही एकदा दिसले. मी तिथे गेले नाही.

सध्या भांडण तात्यांच्या जागेवरून चालू आहे. एचआरचं म्हणणं, डिप्लोमा झालेला माणूस घ्यावा, तात्या जायच्या आधी महिनाभर त्यांच्यासोबत ठेवावा. माझं म्हणणं, बिहारच्या पोराला ठेकेदाराकडून काढून रोलवर घ्यावा, आणि आत्तापासून येता पूर्ण पावसाळा तात्यांना सल्लागार म्हणून ठेवावं. पुण्याच्या सल्लागारांना एका दिवसाचे जे दिले त्यात तात्यांचा बराच काळ निघेल. वाळू उन्हाळ्यात शिकता येत नाही. एप्रिल-मेमध्ये ती सगळ्यांनाच येते. ती बिघडते जूननंतर, आणि तेव्हा तात्या घरी असतील.

मालकांनी फाइल ठेवून घेतली आहे. म्हणाले, त्या पोराला आधी विचारलं का, त्याला चाकणला जायचंय का ते. विचारलं. तो म्हणाला, पगार किती देणार ते सांगा, मग सांगतो.